मारोती काकांचा हँडब्रेक

७ जुलै

पट्टा गेला. सकाळी गवत कापायचं, वर बसून चालवायचं मशीन सुरू केलं तर नुसती करकर आणि जळक्या रबराचा वास. बंद करून खाली वाकून पाहिलं. कडेचे दोरे सुटलेत, आतली बाजू आरशासारखी गुळगुळीत. चढावर मशीन दम टाकायचं ते यानंच. पुलीही वाकडी आहे, तीच पट्टा खाते.

साहेबांना सांगितलं. पट्टा-पुली लातूरहून येणार. तोवर मशीन शेडमध्ये. शाळेच्या ग्राउंडवरचं गवत वाढायलंय, वाढू दे.

कमल आजपासून कामावर आली. पाय ओढत चालते, पण आली. खुरपणीच्या बायांनी मधी बसवून चहा पाजला. मीही गेले. कमल म्हणाली, "सुनंदा, तू तर ड्रायवरीण झालीस. खुरपं धरायचं इसरलीस का?" हसले. तिला ज्या मशीननं धडक दिली तेच मी चालवते.

८ जुलै

कमल फाटकातून आत येते तेव्हा मारोती काका खुर्चीवरून उठून उभे राहतात. ती बघत नाही. सरळ निघून येते.

फाटकावर बसायचं माणूस नाही ते. मशीन या शाळेत आलं त्या दिवसापासून त्यांच्याच हातात होतं. गेल्या दिवाळीच्या अगोदर, पाण्याच्या टाकीच्या उतारावर, मशीन चालू ठेवून उतरले. आडवा आलेला पाइप उचलायला. मशीन मागून आपोआप खाली गेलं. खाली कमल खुरपत बसलेली, पाठमोरी. घोटा मोडला.

"हँडब्रेक लावायचा इसरलो." साहेबांपुढं स्वतःच म्हणाले, कुणी विचारायच्या आत. मग ते फाटकावर आणि मी खुरपणीतून मशीनवर. मला शिकवलं त्यांनीच. पण मशीनला हात लावला नाही. लांब उभं राहून, नुसतं तोंडानं. क्लच कुठं, ब्रेक कुठं, पातं कधी खाली सोडायचं.

कंबर बरी आहे तेव्हापासून. खुरपणीत संध्याकाळी सरळ उभं राहवत नव्हतं.

१२ जुलै

सामान आलं. पट्टा बसवायला दोन माणसं लागतात. एकानं ब्रेकचं पेडल दाबून धरायचं, तेव्हा पट्टा ढिला होतो. दुसऱ्यानं खाली निजून चढवायचा. शेडमध्ये कुणीच नव्हतं. कमल सावलीला बसलेली.

"मला न्हाई बसायचं त्याच्यावर," म्हणाली.

"बंदच आहे गं. चावी माझ्या पदराला आहे."

आली. सीटवर बसायच्या अगोदर मशीनभोवती एक फेरी मारली. मग बसली, चांगला पाय पेडलवर ठेवला. मी खालून दाब म्हणलं की दाबायची, सोड म्हणलं की सोडायची. एकदा मधीच विचारलं, "कोणत्या बाजूनं लागलं असंल गं मला?" मी म्हणलं, पुढचं बंपर. "हां," म्हणाली. परत दाबलं.

पट्टा बसला. फिरवून पाहिला, सरळ पळतो. पेडल मात्र आता जड लागतं, पाय काढला की जोरात मागं येतं. नव्या पट्ट्यानं असंच होत असंल.

मारोती काका फाटकापासून शेडच्या कोपऱ्यापर्यंत आले होते. कमल सीटवर दिसली तसे मागं फिरले.

१५ जुलै

आज मशीन माझ्या हातून गेलं.

टाकीच्या उतारावर, जेवणाच्या सुट्टीच्या जरा अगोदर. सकाळपासून कापत होते. पुढं गवतात दगड दिसला. थांबले, पातं उचललं, पेडल दाबून हँडब्रेकची मूठ ओढली, उतरले. दगड उचलायला वाकले तेवढ्यात मशीन माझ्या बाजूनं खाली निघालं. पळत जाऊन स्टेअरिंग धरलं, वळवलं, मेंदीच्या कुंपणात घातलं. तिथं थांबलं. खाली कुणी नव्हतं. बाया जेवायला गेलेल्या.

मूठ खाली पडलेली होती.

पहिली गोष्ट मनात आली ती हीच, की मी लावलाच नाही. इसरले. तिथंच गवतावर बसले. मग बोट दुखायलंय असं वाटलं. पाहिलं तर उजव्या हाताच्या बोटाचं साल निघालेलं, रक्त. मुठीच्या शेजारी पत्र्याची धार आहे, मूठ ओढताना कधी कधी घासते. ओढतानाच घासते. एरवी तिथं हात जात नाही.

म्हणजे ओढली होती.

कुणाला सांगितलं नाही. घरी यांना म्हणलं पत्रा लागला.

१६ जुलै

चाकांपुढं विटा लावून उतारावर उभं केलं. हँडब्रेक ओढून बघितला. इंजिन बंद, थांबतं. चालू, थांबतं. कंटाळले. बंद करून खाली निजून नीट बघितलं.

पेडल दाबून मूठ ओढली की एक लोखंडी तुकडा दातांत अडकतो आणि पेडल दाबलेलंच राहतं. मारोती काका त्या तुकड्याला कुत्रं म्हणतात. धरून ठेवतं म्हणून. त्या कुत्र्याचं टोक घासून गोल झालंय. बोट फिरवलं तर कडच लागत नाही.

नवा पट्टा पेडलला जोरात मागं ओढतो. इंजिनचा हादरा वरून. तुकडा निसटत असणार आणि मूठ आपोआप खाली येत असणार. पाहणाऱ्याला वाटंल लावलाच नव्हता. लावणाऱ्यालाही.

मग आठवलं. दिवाळीच्या अगोदर, कमलला लागायच्या जरासं आधी, मारोती काकांनी पण नवा पट्टा टाकला होता. मी तेव्हा खुरपणीत होते. जुना पट्टा त्यांनी आम्हाला दिला होता, आळ्यातली आंब्याची रोपं बांधायला.

१७ जुलै

साहेबांना सांगितलं, ब्रेक कमजोर आहे, कुत्रं बदलावं लागंल. "मंग बदला की," म्हणाले. एवढंच सांगितलं. बाकीचं तोंडापर्यंत आलं नाही.

मला मशीनवर घेतलं त्या दिवशीच साहेब बोलले होते, मारोतीला परत मशीनवर घ्यायची वेळ आली तर तुला खुरपणीत जावं लागंल, जागा एकच आहे. हो म्हणलं होतं. तेव्हा कुठं वाटलं होतं अशी वेळ येईल म्हणून.

संध्याकाळी विहारात गेले. पावसाळाभर चालतं ते वर्षावासाचं वाचन सुरू आहे. कानावर पडत होतं, डोक्यात काही गेलं नाही.

१९ जुलै

लातूर. कुत्रं मिळालं, ब्रेकचे लाइनर पण घेतले. मग लेकीच्या, रेणूच्या होस्टेलवर. बारावीचं वर्ष, क्लास, टेस्ट, डोळ्याखाली काळं. शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे नेले होते. होस्टेलच्या पायरीवर बसून खाल्ले दोघींनी.

तिला सगळं सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. तिथं कुणी ओळखीचं नव्हतं म्हणून असंल.

"मंग काका मशीनवर येणार अन् तू?"

"खुरपणीत."

"मंग नको ना सांगू, आई. त्यांचे किती दिवस राहिले रिटायर व्हायला? कुत्रं बदल, विषय संपला. आता कुणाला लागणार नाही."

बरोबरच आहे तिचं. एका बाजूनं.

निघताना म्हणाली तुझ्या हाताला ऑइलचा वास येतो. नाक मुरडून नाही म्हणाली. हात धरून ठेवला जरा वेळ.

२१ जुलै

बाजारात मारोती काकांची बायको भेटली, गयाबाई. वांगी निवडत होती. मी विचारलं काका बरे आहेत का. तिला बोलायचंच होतं.

"काय बरे, सुनंदा. घरातून भायेर पडतेत अन् परत येतेत कुलूप बघायला. मोटारसायकलला हात लावीनात. नातीला शाळेत न्यायचे, ते पन बंद. म्हनतेत माझा भरोसा न्हाई, लेकरू कुठं सोडून यील. त्या दिशी गॅस चालू राहिला तर दिवसभर जेवले न्हाईत. अशानं मानूस खुळं व्हईल."

"आधी इसरायचे का असं?"

"आधी?" हातातलं वांगं खाली ठेवलं. "आधी कोन ध्यान देत व्हतं?"

पिशवी उचलून निघून गेली. मी वांगी घ्यायची विसरले. घरी आल्यावर लक्षात आलं. विसरतंच माणूस.

२२ जुलै

कुत्रं पिशवीतच आहे. बसवलं नाही. एकदा बसवलं की दाखवायला काही राहणार नाही.

मशीन सपाटीवरच चालवते सध्या.

२३ जुलै

कमलला सांगितलं. पहिला हक्क तिचा. जेवायला बसलो होतो चिंचेखाली, बाकीच्या बाया पाण्याला गेल्या तेव्हा.

ऐकून घेतलं. भाकरीचा घास हातातच होता. मग म्हणाली, "मंग एवढे दिवस मी शिव्या कुनाला देऊन राहिले?"

मी माझा डबा बाजूला ठेवला.

"त्यो रोज यायचा दवाखान्यात. अंडी घेऊन. मी तोंड फिरवून निजायचे. माझा लेक म्हणायचा, आई, बोल की त्याला. न्हाई बोलले." घास परत डब्यात ठेवला. "सांग त्याला. पर नीट तपासून सांग. परत खोटं निघालं तर मरंल मानूस."

तिनं मला विचारलं नाही की तुझं काय. तिच्या ध्यानातच आलं नसावं. बरं झालं.

२४ जुलै

मारोती काकांना सांगितलं. फाटकावर, सकाळी, पोरांच्या बसा येऊन गेल्यावर.

सगळं ऐकलं. मग म्हणाले, "कमल अक्कानं सांगितलं का असं बोलाय?"

"नाही काका. माझ्या हातून गेलं मशीन. त्याच उतारावर."

"मंग तू बी इसरली असशील. इसरते मानूस."

बोट दाखवलं. खपली धरलेली आहे अजून. पत्र्याची धार त्यांनाही माहीत. बघितलं आणि नजर काढून घेतली. "मला लेकरू समजून समजूत घालू नको, सुनंदा. मूठ खाली व्हती. म्या माझ्या डोळ्यानं बघितली."

"निसटली की खालीच येते, काका."

तरी आले. शेडमधून मशीन काढलं, उताराला नेलं, विटा लावल्या. त्यांनीच मूठ ओढली. दिवाळीनंतर पहिल्यांदा हात लावला असंल. इंजिन चालू ठेवून दोघं उभे राहिलो. हललं नाही. बरंच उभे राहिलो. फाटकावर कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजला तसे निघाले.

"बघितलं नं? ब्रेक चांगला हाय. उगं खामखा मशीनला नाव ठेवू नको."

पाठमोरे जाताना बघितलं. आधीपेक्षा वाकलेत. सांगायला नको होतं असं वाटलं.

२५ जुलै

उगीच बसून होते, तेव्हा डोक्यात आलं. माझ्या हातून गेलं तेव्हा मशीन सकाळपासून चालून तापलेलं होतं. त्यांच्या वेळीही गवत कापता कापताच उतरले होते. काल आम्ही थंड मशीन थेट शेडमधून नेलं. मी सोळा तारखेलाही तेच केलं होतं.

उद्या.

२६ जुलै

सकाळपासून कापलं. फुटबॉलचं अर्धं ग्राउंड. इंजिनवर हात ठेवता येईना इतकं तापलं, तसं टाकीच्या उताराला नेलं. विटा लावल्या.

मी फाटकाकडं निघाले तर कमल म्हणाली, तू थांब, मी बोलावते. पाय ओढत अर्ध्यापर्यंत गेली आणि तिथूनच हाक मारली, "मारोती भाऊ! जरा इकडं या!"

ते उठले ते तसेच आले. टोपी खुर्चीवरच राहिली.

"मशीनवर बसा," कमल म्हणाली. बसले. पेडल दाबलं, मूठ ओढली, दोनदा हलवून बघितली. उतरले. आम्ही तिघं बाजूला उभे. इंजिन धडधडत होतं. कमल तिच्या लेकाच्या नोकरीचं काहीतरी सांगायला लागली, काका हूं हूं करत होते, पण नजर मुठीवर. मीही बघत होते. काही होईना. कमलचं बोलणंही संपत आलं.

आणि मग खट्. मोठा आवाज नाही. मूठ खाली पडली. चाकं विटांवर आली, एक वीट सरकली.

मी इंजिन बंद केलं.

काकांनी वाकून मूठ परत वर केली, सोडली, परत वर केली. मग सरळ झाले. मला वाटलं रडतील, किंवा कमलच्या पाया पडतील. तसलं काही झालं नाही. कमल म्हणाली, "भाऊ, तुमी इसरला न्हवता."

त्यांनी मान हलवली. माझ्याकडं बघून विचारलं,

"मंग गॅस चालू राहिला, ते? त्याला कोनतं कुत्रं व्हतं?"

मी सरकलेली वीट परत चाकापुढं लावली.

२७ जुलै

साहेबांना सगळं सांगितलं. शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "पहिल्या दिवशीच सांगायचं ना." खरं आहे. दहा-बारा दिवस मी गप्प होते, ते का, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

मारोती काकांना बोलावून घेतलं. म्हणाले, मारोतराव, तुमच्यावर उगाच आळ आला, मशीन परत तुमच्याकडं. काका म्हणाले, "आळ कुनी घेतला न्हाई साहेब, म्याच घेतला." मग म्हणाले, बघतो.

मी दारातच होते. साहेब म्हणाले, "तुझं बघू काहीतरी." म्हणजे खुरपणी.

यांना सांगितलं. आडतीवरून दमून आलेले. म्हणाले, चांगलं केलंस. नंतर चहा पिता पिता, "कंबरेचं कसं करणार मग?"

२९ जुलै

कुत्रं बसवलं. लाइनर पण. काका आज दिवसभर शेडमध्ये, फाटकावर दुसरा माणूस. त्यांनी खाली निजून खोललं, मी पाने देत गेले. हात स्वच्छ चालतात त्यांचे. कोणता नट कुठं ठेवला हे एकदाही शोधावं लागलं नाही. मी मुद्दाम बघत होते. मला माझीच लाज वाटली तसं बघताना, पण बघत होते.

ब्रेकची तार किती ढिली ठेवायची ते दाखवलं. फार कसली तर लाइनर घासत राहतं, फार ढिली तर पकडतच नाही. पेडल बोटानं दाबून अंदाज घ्यायचा. माझं बोट तिथं ठेवून दाबायला लावलं. "एवढं. ह्याच्यावर न्हाई."

जुनं कुत्रं खिशात घातलं त्यांनी. म्हणाले गयाला दाखवतो.

संध्याकाळी तापलेल्या मशीनवर उताराला बघितलं. पक्कं धरतं. जेवढा वेळ ठेवलं तेवढा वेळ.

१ ऑगस्ट

गयाबाई भेटली. म्हणाली, आता जेवतेत चांगलं. नातीला न्यायचं मात्र अजून नको म्हणतेत. डॉक्टरला दाखवू म्हणलं तर म्हणतेत, काय दाखवायचं, मशीनचंच व्हतं की. आणि परत सकाळी उठून कुलूप बघतेत.

"मला तर काई कळंना, सुनंदा. तुला काय वाटतं?"

मी म्हणलं, दाखवा एकदा. दाखवायला काय जातं.

२ ऑगस्ट

खुरपणी. कमलच्या शेजारी ओळ धरली. बाया बऱ्या वागल्या, कुणी टोमणा मारला नाही. दुपारनंतर कंबर.

काका मशीनवर बसले नाहीत. शेडमध्ये पुसत होते. साहेबांनी विचारलं तर म्हणाले, उद्या.

३ ऑगस्ट

काका बसले. कमलला अगोदर जाऊन सांगून आले, अक्का, मी चालवणार हाय आज, खाली बसू नका. कमल म्हणाली, चालवा की, आमी चिंचेपाशी हाव.

चांगलं चालवलं. ओळी एकदम सरळ, माझ्यापेक्षा बऱ्या. टाकीच्या उताराकडं गेलेच नाहीत, खालचं मैदान कापत राहिले. मी त्याच कडेला खुरपत होते. खुरपता खुरपता बघायचे, मग न बघायचं ठरवलं, मग परत बघायचे.

दुपारी माझ्यापासून जरा पुढं मशीन थांबवलं, इंजिन चालूच. उतरले, पाणी प्यायला माझ्याकडं आले. मी तेव्हा मान खाली घालून हरळीचं मूळ ओढत होते, निघत नव्हतं. बाटली दिली. प्यायले. झाकण लावता लावता थांबले. मागं वळून मशीनकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"म्या लावला नं?"

मी पाहिलं नव्हतं.

"हाव काका," म्हणलं.

बाटली माझ्या हातात दिली आणि मशीनकडं चालत गेले, सावकाश. त्यांची पाठ आडवी होती, मूठ वर होती का खाली, मला इथून दिसलं नाही. मशीन जागेवरच होतं. पण ते मैदान सपाट आहे.